मामाचा तलाव आणि मामा तलाव

लहानपणी माझी पक्की समजूत होती की गावाबाहेरचा तो मोठा तलाव माझ्या मामाचा आहे. यात माझी काही चूक नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून लाल डब्याने साकोली, तिथून मिळेल त्या गाडीने मामाचं गाव. आणि तिथे पोहोचलं की जो तो म्हणणार, "चाल, मामा तलावावर." मग मी शाळेत परत आल्यावर छाती फुगवून सांगायचो की माझ्या मामाचा तलाव तुमच्या फुटाळ्यापेक्षा मोठा आहे. पुढे इंजिनिअरिंगला असताना एकदा गावाकडच्या एका सरकारी पाटीवर "मा. मा. तलाव" असं वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. मा. मा. म्हणजे माजी मालगुजारी! मामाचा काही संबंध नाही. इतक्या वर्षांची जहागिरी एका क्षणात खालसा झाली.

मामाची स्वतःची एक बोडी मात्र आहे. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेलं छोटं तळं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या शेतीला अशा बोड्या जागोजागी आहेत. मामाची बोडी पणज्याच्या काळातली, आजही सातबाऱ्यावर आमच्या मामाच्या घरच्यांच्या नावावर. म्हणजे नीट विचार केला तर काय आहे? एक छोटं, खाजगी मालकीचं मातीचं धरण. हा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. तो करायला लावला २३ सप्टेंबर २०२३च्या रात्रीने.

नागपूरकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको. शुक्रवारची रात्र संपून शनिवार उजाडायच्या आत चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी भरून ओसंडला आणि नाग नदी (हो, तिला नदी म्हणायचं असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं) लोकांच्या हॉलमध्ये शिरली. माझा एक मित्र अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहायचा. पहाटे त्याचा फोन आला तेव्हा तो वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात उभा होता आणि खाली त्याचा फ्रिज तरंगत होता. आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "अंबाझरी फुटला." फुटला नव्हता. पण तो एक शब्द वाचल्यावर पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. दीडशे वर्षांहून जुना, मातीचा बांध, आणि त्याच्या खाली अख्खं शहर. आपण संध्याकाळी ज्याच्यावर फिरायला जातो, मक्याचं कणीस खातो, ते धरण आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

त्या दिवसापासून माझे बरेच वीकांत या एका विषयात गेले. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, सिव्हिलचा नाही. पण मातीची धरणं का टिकतात आणि का फुटतात हे वाचताना सारखं वाटत होतं की अरे, हे तर आपल्याच धंद्यातलं आहे. जुना कोड, मूळ लिहिणारा निघून गेलेला, कागदपत्रं नाहीत, आणि सगळं जग त्याच्यावर चाललेलं.

तर आधी मूळ लिहिणाऱ्यांबद्दल.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि थोडंफार नागपूर जिल्ह्यात, असे सहा-सात हजार जुने तलाव आहेत. याचं बरंचसं श्रेय कोहळी समाजाला जातं. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा जो जाडजूड ग्रंथ १९१६ साली निघाला, त्यातही कोहळ्यांची ओळख वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव बांधणारे आणि ऊस लावणारे अशीच आहे. सांगतात की चांद्याच्या गोंड राजाने फर्मान काढलं होतं, जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. खरं-खोटं राजाला माहीत, पण योजना म्हणून बघा किती हुशार आहे. बांधणाऱ्याला पगार नाही, कंत्राट नाही. त्याला मिळणार ती त्याच पाळीखालची जमीन. म्हणजे पाळ कच्ची बांधली तर पहिलं शेत त्याचंच वाहून जाणार!

नवेगावबांधचा विशाल तलाव याच परंपरेतला. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगितलं जातं. लोकांनी पुढे त्यांना कोलासुर म्हणून देवच केलं. इंजिनिअरचं मंदिर झाल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही. आमच्याकडे उत्तम काम केलं तर शुक्रवारी पिझ्झा मिळतो.

या तलावांची रचना अगदी साधी. दोन टेकड्यांच्या मध्ये किंवा उताराला आडवी मातीची पाळ. पाळीतून पाणी काढायला एक वाट, तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. पायरीपायरीवर भोकं, पाणी उतरत जाईल तसं एकेक खालचं भोक उघडायचं. आणि एका टोकाला, पाळीपेक्षा खालच्या पातळीवर, जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा. बऱ्याच ठिकाणी वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरतो, त्याचा आणखी खालच्या बोडीत. पाणी वाया जात नाही, हा त्याचा फायदा. वरचा फुटला तर खालच्यांची रांगच धोक्यात येते, हा तोटा. कोहळ्यांना दोन्ही माहीत असणार.

आता, मातीची पाळ मरते कशी? यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, पण मुख्य वाटा दोन. पहिली वरून. पाणी पाळीच्या माथ्यावरून वाहायला लागलं की खेळ संपला. काँक्रीटची भिंत काही वेळ तरी तग धरेल, पण माती वाहत्या पाण्यात विरघळत जाते, एक घळ पडते, घळ रुंदावते, आणि काही वेळात मधला तुकडा नाहीसा होतो. आमच्या भाषेत शब्दशः बफर ओव्हरफ्लो. म्हणून सांडवा महत्त्वाचा. दुसरी वाट आतून. पाळीतून थोडं पाणी झिरपतंच, त्यात काही वाईट नाही. पण उंदराचं बीळ, खेकड्याचं भोक, वारूळ, मेलेल्या झाडाची कुजलेली मुळी किंवा तुडुमाच्या दगडाशेजारची फट मिळाली की पाणी तिथून वाट काढतं, जाताना मातीचे कण नेतं, वाट मोठी होते, आणखी पाणी, आणखी माती. बाहेरून सगळं छान हिरवंगार दिसतं आणि आतून पाळ पोकळ होत असते.

अंबाझरीच्या बांधावरची झाडं तोडावीत का यावरून मधे आपल्याकडे जो वाद झाला, त्याचं मूळ हेच. झाडं वाचवा म्हणणाऱ्यांत मीही होतो. मुळांचं हे प्रकरण वाचल्यावर जरा ओशाळलो. बागेतलं झाड आणि मातीच्या धरणावरचं झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता यात गंमत काय आहे बघा. दोन्ही मरणं अचानक येत नाहीत. सांडव्यात गाळ साचतो, झुडपं वाढतात, ते दिसतं. पाळीच्या पायथ्याला ओल येते, ती दिसते. फक्त बघायला कोणीतरी पाहिजे. मातीचं धरण एकदा बांधलं आणि झालं असं नसतंच. ते दर पावसाळ्यात थोडं थोडं पुन्हा बांधावं लागतं. म्हणजे हा प्रश्न बांधकामाचा कमी आणि प्रॉडक्शन सपोर्टचा जास्त. रात्री दोन वाजता पेजर कोणाचा वाजणार?

जुन्या काळी याचं उत्तर सरळ होतं. भोसल्यांचं राज्य १८५४ला इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ला मध्य प्रांत झाला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावच्या पाटलांना, मालगुजारांना, गावाची मालकी मिळाली. गावाबरोबर तलावही त्यांचा. गावकऱ्यांचे पाण्याचे, माशांचे, गुरं पाजायचे हक्क होते, ते निस्ताराचे हक्क वाजिब-उल-अर्जात लिहिलेले असायचे. पण तलावाचा धनी मालगुजार. पाळ फुटली तर त्याचा धान बुडणार, त्याचा सारा बुडणार, आणि सरकारला भरणा मात्र द्यावाच लागणार. म्हणून उन्हाळ्यात पाळीवर माती पडायची आणि पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन माणूस फिरायचा.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख "पूर्वीचं सगळं कसं छान होतं" छापाचा होईल. ती माती टाकायची कोणी? वेठीने आणलेल्या माणसांनी. कंदील घेऊन मालगुजार स्वतः फिरत नव्हता, ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती असा कोणीतरी फिरत होता. माझ्या मामाच्या घरात मालगुजारीच्या गोष्टी अभिमानाने सांगतात. त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला त्या गोष्टी वेगळ्या सांगतात. दोन्हीकडे चहा प्यायलो आहे, म्हणून सांगतो. ती पद्धत गेली ते योग्यच झालं.

गेली कशी? १९५०चा मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा, अंमल ३१ मार्च १९५१पासून. (तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हे आमच्या पिढीला प्रश्नमंजूषेपुरतंच माहीत.) तलाव सरकारजमा झाले. ज्यांवर मालगुजाराशिवाय कोणाचाच ओलिताचा हक्क नव्हता असे काही, आणि शेतजमिनीतल्या बोड्या, जुन्या मालकांकडेच राहिल्या. बाकीचे पुढे महाराष्ट्रात आल्यावर विभागले गेले. शंभर हेक्टरपर्यंत ओलीत असलेले जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. म्हणजे मालक आला, पण तो जिल्ह्याच्या गावी, एका टेबलामागे. गावकऱ्याला वाटलं आता सरकारचं आहे, सरकार बघेल. सरकारकडे हजारो तलाव आणि मोजकी माणसं. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली, पाणलोटात अतिक्रमणं झाली. वेठ गेली हे चांगलंच, पण वेठीबरोबर कंदीलही गेला, आणि त्याच्या जागी काय आणायचं हे कोणी ठरवलंच नाही.

मग खाजगी मालक बरा की सरकार? मला आधी वाटायचं की ज्याचं धरण त्याला काळजी असणार. ही समजूत मोडायला मला थेट अमेरिकेत जावं लागलं. (गुगलवरून हो, ऑनसाइट अजून मिळायचं आहे.)

पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. राज्य सरकारने कालव्यासाठी बांधलेलं, १८५३ला पूर्ण झालेलं. रेल्वे आली, कालवा निरुपयोगी झाला, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकाने तळाचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. म्हणजे आता तळं रिकामं करायची सोयच उरली नाही. १८७९मध्ये ते श्रीमंतांच्या एका मासेमारी क्लबने घेतलं. अँड्र्यू कार्नेगी त्याचे सभासद. क्लबने काय केलं? बग्ग्या जायला रस्ता रुंद हवा म्हणून धरणाचा माथा थोडा खाली उतरवला. आणि महागाचे मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ला मोठा पाऊस झाला, जाळ्यांत काटक्या-पाला अडकला, सांडवा तुंबला, पाणी माथ्यावरून गेलं. खाली वीस-बावीस किलोमीटरवर जॉन्सटाउन गाव. २२०९ माणसं मेली. कोर्टात क्लबवर जबाबदारी निश्चित झाली नाही.

मालक खाजगी होता, पैसेवाला होता, हौशीही होता. पण तो धरणाच्या खाली राहत नव्हता. सुट्टीत येऊन मासे धरायचा आणि परत जायचा. कोलू पाटलांचं शेत पाळीखाली होतं, कार्नेगींचं नव्हतं. फरक एवढाच.

आणि सरकारी मालकाचं उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. २ जुलै २०१९, रत्नागिरी जिल्ह्यातलं चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण. मातीचं, जेमतेम वीस वर्षांचं. रात्री फुटलं, खालची वाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्यानंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचं सांगितलं आणि महाराष्ट्रभर विनोदांचा पूर आला. मीही ते विनोद फॉरवर्ड केले होते. आज वाटतं, हसण्यासारखं त्यात वेगळंच काहीतरी होतं. खेकडा मातीत भोक करतोच, तो त्याचा धर्म आहे. कोहळ्यांच्या पाळीतही खेकडे होतेच की. प्रश्न असा आहे की भोक दिसल्यावर ते बुजवायला कोण येणार होतं? तक्रार करणारे होते, पण ज्याच्याकडे करायची तो लांब होता.

डिसेंबर २०२१मध्ये धरण सुरक्षा कायदा संसदेत मंजूर झाला. चांगला कायदा आहे. मालक सरकारी असो वा खाजगी, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन आराखडा, सगळं बंधनकारक. पण कोणत्या धरणांना? पंधरा मीटरपेक्षा उंच, किंवा दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींत बसणारी. मामाची बोडी माझ्या उंचीच्या दोन-अडीच पट. कायद्याच्या दृष्टीने ते धरणच नाही. आणि हेही बरोबरच आहे म्हणा, देशातल्या प्रत्येक बोडीवर इंजिनिअर कुठून आणणार? पण पाळीखालच्या घराला उंचीचा आकडा कळत नाही.

मामाच्या बोडीखाली अकरा घरं आहेत. माझ्या लहानपणी दोन होती.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मामाचा फोन आला. खुशीत होता. बोडीत रोहू-कतल्याची बोटुकली सोडली होती. पाणी जास्त टिकावं म्हणून सांडव्यावर दगड-माती टाकून दीड फूट उंची वाढवली होती. आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला बांबूच्या कामट्यांची दाट जाळी ठोकली होती.

मी फोन धरून गप्पच झालो. साउथ फोर्कबद्दल मी आठवड्यापूर्वीच वाचलं होतं.

त्या शनिवारी एक्सेल उघडून बसलो. मामाच्या बोडीला साधारण एक चौरस किलोमीटरवरचं पाणी येतं. नागपुरात पडला तसा शंभर मिलिमीटर पाऊस तिथे चार तासांत पडला तर? एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर. जमीन आधीच भिजलेली आहे आणि सगळं वाहून आलं असं धरलं तर सरासरी दर सेकंदाला सात घनमीटर. आता सांडवा. रुंदी सहा मीटर. सांडव्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंत मोकळी उंची तीन फूट, म्हणजे नव्वद सेंटिमीटर. यातून दर सेकंदाला साडेआठच्या वर घनमीटर पाणी जाऊ शकतं. सात येतंय, साडेआठ जातंय. पणज्याने कोणतंही सूत्र न वापरता बरोबर केलं होतं! आता त्यात दीड फुटाची भर घाला. मोकळी उंची निम्मी झाली. पण सांडव्यातून जाणारं पाणी निम्मं होत नाही, ते उंचीच्या दीड घाताने कमी होतं. एक तृतीयांशाच्या जरा वर उरतं. तीन घनमीटर. सात येतंय, तीन जातंय. आणि जाळीत पाला अडकला तर तेही नाही. उरलेलं पाणी कुठून जाणार ते वर सांगितलंच आहे.

हा तक्ता घेऊन मी गावी गेलो. मामाला लॅपटॉप दाखवला. पुढे जे झालं त्याला चर्चा म्हणणं धाडसाचं होईल. "तुले का मालूम बाबू? चाळीस साल झाले मी पाळीवर हाओ. तू एसीत बसतं." मी म्हटलं, मामा, चाळीस वर्षांत तू सांडवा कधी वाढवला होता का? तो म्हणाला, बोटुकलीचे पैसे तू देतं का? मामीने मधे पडून जेवायला वाढलं. जेवणात दोघंही बोललो नाही.

खरं सांगायचं तर मामाचंही बरोबर होतं. धानात काही उरत नाही. एका हंगामाचे मासे म्हणजे त्याच्या धाकट्या मुलीची फी. खालच्या अकरा घरांसाठी त्याने ते सोडायचं, आणि त्याबद्दल त्याला कोणी काही देणार नाही. कायदा विचारत नाही, विमा नाही, तपासायला कोणी येत नाही. सगळा भार एका माणसाच्या विवेकावर. आणि आपण शहरात बसून म्हणायचं की मालकाने काळजी घ्यायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतःच म्हणाला, चाल. पाळीवर गेलो. तो पुढे, मी मागे. चालताना तो बोलत नव्हता, खाली बघत होता. एका जागी थांबला, पायथ्याशी उतरला, बोटाने ओल चाचपली. ओंजळीत पाणी धरून उजेडात बघितलं. मग मला म्हणाला, "पाळीतून पानी येतेच. निवळ पानी आलं तं झोपाचं. गढूळ आलं तं गाव उठवाचं." बस्स. आतून पोकळ होणाऱ्या पाळीबद्दल मी जे काही वाचलं होतं ते सगळं या दोन वाक्यांत बसतं. गढूळ म्हणजे माती चालली.

मग आम्ही सांडव्यापाशी आलो. तो बराच वेळ त्या जाळीकडे बघत उभा राहिला. मी शहाणपणा करून गप्प राहिलो. शेवटी तोडगा निघाला तो असा. वाढवलेली दगड-माती काढायची. दाट जाळीऐवजी मोठ्या फटींची, आणि तीही सांडव्याच्या तोंडात नाही, थोडी आत पाण्यात, अर्धवर्तुळात, म्हणजे पाला अडकला तरी वाट पूर्ण बंद होणार नाही. थोडे मासे जातील. जाऊ दे. त्या थोड्या माशांचे पैसे मी देईन असं म्हणालो तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच बंद केला. पण त्याने एक अट घातली. "मग पोळ्याच्या आधी जोराचा पानी आला तं तू ये. रातच्याला पाळ पाहाले दोन मानसं लागते."

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी हवामान खात्याचा इशारा आला. ऑफिसातून लवकर निघालो, मॅनेजरला कारण सांगितलं तर त्याला ते सुट्टीचं सगळ्यात नावीन्यपूर्ण कारण वाटलं. रात्री अकरा ते चार मी आणि मामा पाळीवर होतो. त्याच्याकडे टॉर्च आणि फावडं, माझ्याकडे टॉर्च आणि भीती. खालच्या घरांतला एक माझ्याच वयाचा मुलगाही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मामाने त्याला सांडव्याकडे उभं केलं आणि पाला काढायला काठी दिली. मला वाटलं, ज्याचं घर पाळीखाली आहे तो पाळीवर आला, आणि या वेळी स्वतःच्या मर्जीने. पावसाच्या आवाजात हे त्याला सांगता आलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तो "बरं" एवढंच म्हणाला असता.

दर अर्ध्या तासाने मामा पायथ्याशी उतरायचा, ओंजळ भरायचा, मी टॉर्च धरायचो. निवळ. पुन्हा निवळ. पहाटे पाऊस उतरला तेव्हा सांडव्यावरून दोन वीत पाणी जात होतं, मासेही थोडे गेले असणार. मुलगा म्हणाला की खालच्या नाल्यात सकाळी सापडतील, आणि ते आमचे. मामा म्हणाला, खुशाल.

पुढच्या आठवड्यात नागपुरात अंबाझरीवर फिरायला गेलो. बांधावर नेहमीसारखी गर्दी, कणीसवाले, सेल्फीवाले. मी पायथ्याच्या बाजूने खाली बघत चालत होतो. एका काकांनी विचारलं, "काही हरवलं का?" म्हटलं, नाही, ओल बघतोय.